१९६३ च्या आधी त्या काय लिहीत होत्या?

प्रश्न एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या बायका पुन्हा चूल आणि मूल यांत गेल्या, पंधरा-सतरा वर्षं गप्प राहिल्या आणि १९६३ साली गृहिणीपणाच्या आदर्शावर टीका करणारं बेटी फ्रीडनचं ‘द फेमिनिन मिस्टिक’ आल्यावर जाग्या झाल्या, असं सगळ्या नोट्समध्ये लिहिलेलं असतं. मग मधल्या काळातल्या लेखिकांचं काय करायचं? त्यांच्यावर लघुप्रबंध लिहायचा तर कोणाला घ्यायचं आणि सुरुवात कुठून करायची?

अमेरिकन साहित्य शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. ही झोप आणि जाग छापाची मांडणी उत्तरपत्रिकांत इतक्या वेळा वाचली आहे की आता ती आली की पेन्सिल आपोआप समासाकडे वळते. सोपी आहे म्हणून ती टिकली. पण त्या काळात लेखिका गप्प नव्हत्या. घराविषयी जे बोलायचं ते त्यांनी १९६३ च्या बरंच आधी बोलून ठेवलं होतं, आणि फ्रीडनपेक्षा जास्त प्रकारच्या घरांविषयी बोलून ठेवलं होतं. म्हणून फ्रीडनपासून सुरुवात करू नका. तिच्यापर्यंत पोहोचा.

पार्श्वभूमी चार ओळींत उरकते. युद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा जहाजांच्या गोदीपासून विमानांच्या कारखान्यापर्यंत बायकांची भरती झाली. त्यांच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या पैशांतून पाळणाघरं निघाली. युद्ध संपलं आणि १९४६ मध्ये तो पैसा थांबला. परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या ‘जी.आय. बिल’मुळे कॉलेजचा खर्च आणि घरासाठी सोयीचं कर्ज मिळालं. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन उभं राहिलं: ओळीने एकसारखी घरं, आणि कृष्णवर्णीयांना तिथे राहता येणार नाही अशी करारातच अट. मुलींच्या पहिल्या लग्नाचं सर्वसाधारण वय विशीच्या उंबरठ्यावर आलं. १९५७ या एका वर्षात सुमारे ४३ लाख मुलं जन्माला आली.

पण त्याच देशात १९५० मध्ये साधारण एक तृतीयांश बायका नोकरी-कामधंद्यात होत्या आणि १९६० पर्यंत ते प्रमाण ३८ टक्क्यांच्या जवळ गेलं. तेव्हा ‘सगळ्या घरी बसल्या’ हे वाक्य खोडून टाका. घरी बसणं हा आदर्श म्हणून जोरात विकला गेला, एवढंच खरं. १९४७ मध्ये फर्डिनंड लुंडबर्ग आणि मरिनिया फार्नहॅम यांनी ‘मॉडर्न वुमन: द लॉस्ट सेक्स’ या पुस्तकात घराबाहेर कर्तृत्व शोधणाऱ्या बाईला मनोविकाराच्या खात्यात टाकलं, गंमत अशी की फार्नहॅम स्वतः मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करणारी बाई होती. १९५५ मध्ये अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांनी स्मिथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात मुलींना सांगितलं की देशाच्या संकटात तुमचं काम आहे ते नवऱ्याला माणूस म्हणून जागं ठेवण्याचं, आणि ते मांडीवर मूल घेऊन किंवा स्वयंपाकघरात हातात डबा उघडायचं यंत्र घेऊनही करता येईल. हे उदारमतवादी मानल्या जाणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाचे मोठे नेते होते, हे लक्षात घ्या. आणि समोर बसलेल्या पदवीधर मुलींत पुढे कवयित्री म्हणून गाजलेली सिल्व्हिया प्लाथ होती.

आता लेखिकांकडे येऊ. मी नेहमी शर्ली जॅक्सनपासून सुरू करतो. ‘द लॉटरी’ ही गोष्ट २६ जून १९४८ च्या ‘न्यूयॉर्कर’मध्ये आली. गावातले लोक वर्षातून एकदा चिठ्ठ्या काढतात आणि जिच्या किंवा ज्याच्या नावाची निघेल तिला दगडांनी मारतात. ही गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा ‘अंधश्रद्धा आणि जमावाची मानसिकता’ अशा शीर्षकाखाली शिकवली जाते. ठीक आहे. पण पुन्हा वाचा, आणि यावेळी चिठ्ठी कोण काढतं याकडे बघा. घराच्या वतीने पुरुष काढतो. एका माणसाचा पाय मोडलेला आहे, म्हणून त्याची बायको उभी राहते. तेव्हा सगळ्यांना उत्तर माहीत असूनही तिला विचारलं जातं की तुझा मुलगा मोठा नाही का? मुलगा अजून सोळाचाच आहे. टेसी हचिन्सन एप्रनला हात पुसत उशिरा येते, कारण आज कोणता दिवस आहे हेच ती विसरली होती, आणि भांडी तशीच टाकून यायचं होतं का, असं हसत विचारते. तिच्या घराची चिठ्ठी निघते तेव्हा ती ओरडते की माझी लग्न झालेली मुलगी आणि जावई यांनाही यात घ्या. त्यावर उत्तर मिळतं: मुली नवऱ्याच्या घराण्यात धरल्या जातात. किती थंडपणे येतं हे वाक्य! नियमाचा भाग म्हणून. आणि टेसीचाही निरागसपणा तिथे संपतो, कारण स्वतःची शक्यता कमी करायला ती पोटची मुलगी पुढे करते. युद्धोत्तर कुटुंबव्यवस्थेवर याहून कडवट लिहिलेलं मला तरी माहीत नाही, आणि त्यात ‘स्त्री’ हा शब्द घोषणेसारखा एकदाही येत नाही. त्या उन्हाळ्यात जॅक्सनला तीनशेहून जास्त पत्रं आली. त्यांतल्या जेमतेम तेरा जणांनी बरं लिहिलं होतं, असं तिनेच नंतर एका व्याख्यानात सांगितलं.

हीच जॅक्सन महिला मासिकांत मुलं, कपडे, मोडकी भट्टी, हरवलेले मोजे यांविषयी हसतखेळत लिहायची. ते लेख ‘लाइफ अमंग द सॅव्हेजेस’ (१९५३) आणि ‘रेझिंग डेमन्स’ (१९५७) या पुस्तकांत आहेत. पहिल्यातला एक प्रसंग मी वर्गात कधी चुकवत नाही. ती बाळंतपणासाठी हॉस्पिटलात जाते. कारकून व्यवसाय विचारते. ती सांगते, लेखिका. कारकून म्हणते, मी गृहिणी लिहिते. पुन्हा लेखिका. पुन्हा गृहिणी. जॅक्सनने हा विनोद म्हणून लिहिला आणि मासिकं वाचणाऱ्या लाखो बायका तो वाचून हसल्या असतील. कशाला हसल्या, हा तुमच्या लघुप्रबंधाचा प्रश्न आहे. तिच्या घरात चार मुलं होती, नवरा स्टॅन्ली एडगर हायमन बेनिंग्टन कॉलेजात शिकवायचा आणि समीक्षक म्हणून नावाजलेला होता, पण संसाराच्या मिळकतीचा मोठा वाटा या ‘हलक्याफुलक्या’ लेखनाचा होता.

आणि मग ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ (१९५९). तिला भुताची कादंबरी म्हणून बाजूला ठेवू नका. नायिका एलेनर बत्तीस वर्षांची आहे, अकरा वर्षं तिने आजारी आईची सेवा केली आहे, आणि आई गेल्यावर ती बहिणीच्या घरी कॉटवर झोपते. गाडीचे निम्मे पैसे तिने भरलेले आहेत, तरी बहीण आणि मेहुणा गाडी द्यायला तयार नाहीत. ती गाडी गुपचूप घेऊन निघते, आपल्याच गाडीची चोर होऊन. पुढे जे घर तिला बोलावतं ते तिला गिळतं. भुतं आहेत की नाहीत यावर समीक्षकांनी पानंच्या पानं खर्ची घातली आहेत. मला ती गाडी जास्त महत्त्वाची वाटते.

इथे फ्रीडनचा पहिला संदर्भ येतो, आणि तो तिच्या विरुद्ध जातो. ‘द फेमिनिन मिस्टिक’च्या सुरुवातीच्याच प्रकरणांत तिने शर्ली जॅक्सन, जीन केर, फिलिस मॅकगिन्ली यांना ‘गृहिणी-लेखिका’ म्हणून धारेवर धरलं. आरोप असा की या स्वतः लेखिका म्हणून जगतात आणि वाचकांसमोर मात्र ‘आम्ही साध्या गृहिणी’ असं नाटक करतात. आरोपात तथ्य नाही असं नाही. पण १९९८ मध्ये डॅनियल हॉरोविट्झ या इतिहासकाराने दाखवलं की उपनगरातली साधी गृहिणी अशी स्वतःची ओळख करून देणारी फ्रीडन आधी बरीच वर्षं डाव्या कामगार संघटनांच्या वृत्तपत्रांत पत्रकारिता करत होती. डाव्यांना देशद्रोही ठरवणाऱ्या मॅकार्थीच्या काळानंतर हे झाकायला तिच्याकडे कारण होतं, ते समजण्यासारखं आहे. तरी ज्या मुखवट्याबद्दल जॅक्सनला बोल लावला तोच मुखवटा घालून तिचं स्वतःचं पुस्तक बाजारात उतरलं. त्या काळात बाईला घराबद्दल बोलायचं तर आधी ‘मी घरातलीच’ असं सांगावं लागत होतं. दोघींनीही ते सांगितलं.

फ्रीडनच्या पुस्तकातली दुसरी पोकळी जास्त गंभीर आहे. तिने १९५७ मध्ये स्मिथ कॉलेजातल्या आपल्या वर्गमैत्रिणींना प्रश्नावली पाठवली आणि तिथून पुस्तक वाढत गेलं. त्या शिकलेल्या, बहुतेक गोऱ्या, बऱ्या परिस्थितीतल्या बायका होत्या. त्या घराबाहेर पडल्या तर मागे घर कोण सांभाळणार? १९८४ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रीवादी लेखिका बेल हुक्सने नेमकं हे विचारलं. पण कादंबरीने ते १९४६ मध्येच विचारून ठेवलं होतं, आणि म्हणून ‘द स्ट्रीट’ तुमच्या यादीत हवंच.

अ‍ॅन पेट्रीची ही कादंबरी दहा लाखांहून जास्त प्रती खपलेली कृष्णवर्णीय लेखिकेची पहिली कादंबरी मानली जाते. नायिका लुटी जॉन्सनच्या नवऱ्याला काम मिळत नाही, म्हणून ती कनेक्टिकटमध्ये चँडलर नावाच्या श्रीमंत कुटुंबात राहून घरकाम करते. तिथे ती दुसऱ्याच्या मुलाला वाढवते. तिचं स्वतःचं मूल आणि नवरा दूर क्वीन्समध्ये. शेवटी संसार मोडतो. पुढे हार्लेममध्ये राहत असताना भुयारी रेल्वेत तिची नजर एका जाहिरातीवर जाते: चकाकणारं स्वयंपाकघर, शुभ्र सिंक, त्याच्याशी रेललेली सोनेरी केसांची मुलगी, शेजारी नौदलाच्या गणवेशातला हसरा तरुण. लुटीला वाटतं की असं स्वयंपाकघर आपण पाहिलंय, चँडलरबाईंच्या घरी. तिथली भांडी ती स्वतः घासत होती. ज्या आदर्शाला पुढे फ्रीडन तुरुंग म्हणाली तो आदर्श एका बाईच्या राबण्यावर दुसरीला मिळत होता, हे पेट्री एका जाहिरातीत दाखवते. एलेन टायलर मे यांचं ‘होमवर्ड बाउंड’ (१९८८) शीतयुद्ध आणि कुटुंब यांचा संबंध उत्तम उलगडतं, अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांची १९५९ ची मॉस्कोतली स्वयंपाकघरासमोरची वादावादी त्यात आहेच. पण तिच्यासोबत पेट्रीचं हे पान ठेवल्याशिवाय चित्र अपुरं राहतं.

शिकागोची ग्वेंडोलिन ब्रुक्स १९५० मध्ये पुलित्झर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती झाली. तिची कविता सगळे घेतात. तुम्ही तिची एकमेव कादंबरी ‘मॉड मार्था’ (१९५३) घ्या. बारीक बारीक प्रकरणं, फारसं काही ‘घडत’ नाही. मॉड एका गोऱ्या बाईकडे कामाला जाते आणि एका दिवसानंतर परत न जायचं ठरवते, कारण तिथे उभं राहून तिला कळतं की आपला नवरा रोज साहेबासमोर कसा उभा राहत असेल. तेवढंच प्रकरण. लॉरेन हॅन्सबेरीचं ‘अ रेझिन इन द सन’ ११ मार्च १९५९ ला ब्रॉडवेवर आलं, कृष्णवर्णीय लेखिकेचं तिथलं पहिलं नाटक. ते वंशभेदाचं नाटक म्हणून शिकवलं जातं आणि त्यातल्या तीन बायका मागे पडतात. बेनिथाला डॉक्टर व्हायचंय आणि भाऊ तिला सांगतो की इतर बायकांसारखी नर्स हो, नाहीतर लग्न करून गप्प बस. रूथ गरोदर आहे, पाच जणांना घरातली जागा पुरत नाही, आणि गर्भपात तेव्हा बेकायदा असताना तिने एका बाईला पाच डॉलर आगाऊ देऊन ठेवलेत. आणि सासू लीना, जिने आयुष्यभर लोकांच्या घरी काम केलं, ती विम्याच्या पैशांतून साडेतीन हजार डॉलर भरून घर घेते. गोऱ्यांच्या वस्तीतलं ते घर इथे कैद नाही, हक्क आहे. हॅन्सबेरीच्या स्वतःच्या वडिलांनी शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतल्यावर खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, १९४० मध्ये.

यानंतर दोन कथा, दोन्ही छोट्या. हिसाये यामामोतोची ‘सेव्हन्टीन सिलेबल्स’ (१९४९) आणि टिली ओल्सनची ‘आय स्टँड हिअर आयर्निंग’ (१९५६). यामामोतो युद्धकाळात पोस्टन इथल्या छावणीत होती, जिथे जपानी वंशाच्या अमेरिकनांना डांबलं होतं. कथेतली आई टोमॅटोच्या शेतावर दिवसभर राबते आणि रात्री हायकू लिहिते. लिहिण्यासाठी तिने वेगळं नाव घेतलंय, उमे हानाझोनो, आणि घरात जणू दोन बायका राहू लागतात. नवऱ्याचा जेवणानंतरचा पत्त्यांचा डाव मोडतो. कापणीच्या ऐन घाईत संपादक बक्षीस घेऊन येतो, जपानी चित्रकार हिरोशिगेचं चित्र. नवरा ते फोडून, रॉकेल ओतून जाळतो. उमे हानाझोनोचं आयुष्य जेमतेम तीन महिन्यांचं. लेखिकेच्या लिहिण्याचा पुरुषांना नेमका कशाचा त्रास होतो, हे सिद्धान्ताच्या भाषेत समजावताना माझी दमछाक होते. ही कथा दिली की वर्गाला कळतं.

ओल्सनच्या कथेतली आई इस्त्री करता करता मनातल्या मनात कुणालातरी उत्तर देतेय: तुमच्या मुलीबद्दल बोलायला या, असा निरोप आलाय. मुलगी एमिली १९ वर्षांची, मंदीच्या काळात जन्मलेली, बाप सोडून गेलेला, आई कामावर, पोर शेजारणीकडे, मग सासरच्यांकडे, मग आजारी मुलांच्या वसतिगृहात. त्या काळातले मानसतज्ज्ञ मुलाच्या प्रत्येक दुखण्याचं खापर आईवर फोडत होते. ओल्सन त्यावर वाद घालत नाही. ती फक्त हिशेब मांडते: पगार किती वाजता, बस कधी, पाळणाघर कसलं. खुद्द ओल्सनने चार मुली वाढवल्या, नोकऱ्या केल्या, तरुणपणी सुरू केलेली कादंबरी बाजूला ठेवली, ती १९७४ मध्ये अपुरीच छापली. का लिहिता आलं नाही, यावर तिने १९६२ ते ६४ मध्ये रॅडक्लिफ इन्स्टिट्यूटमध्ये असताना बोलायला सुरुवात केली. त्यातून ‘सायलेन्सेस’ (१९७८) आलं. रॅडक्लिफची ती योजनाही अभ्यासण्यासारखी आहे. मेरी बंटिंग यांनी ती १९६० मध्ये उभी केली ती घरसंसारामुळे काम अडलेल्या शिकलेल्या बायकांसाठी: थोडे पैसे, एक खोली, ग्रंथालय. पहिल्या तुकडीत अ‍ॅन सेक्स्टन आणि मॅक्सिन क्युमिन होत्या. या दोघी बॉस्टनच्या उपनगरात राहायच्या आणि कविता एकमेकींना ऐकवायला त्यांनी फोनची वेगळी लाइन घेतली होती. रिसीव्हर तासन्‌तास खाली ठेवलेला. मधे स्वयंपाक, मुलं, आणि ओळ सुचली की शिट्टी.

कवयित्रींबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांच्यावर भरपूर उपलब्ध आहे. एड्रिएन रिचचं मात्र एक सांगतो. सीबीएसई बारावीच्या पुस्तकातून ‘आंट जेनिफर्स टायगर्स’ आपल्या बऱ्याच मुलामुलींनी पाठ केलेली असते. ती १९५१ च्या संग्रहातली, रिच जेमतेम एकविशी-बाविशीची. त्या संग्रहाच्या प्रस्तावनेत कवी ऑडेनने कवितांचं कौतुक केलं ते त्या नीटनेटक्या, नम्र आणि थोरांचा मान राखणाऱ्या आहेत म्हणून. मुलगी बघायला गेल्यासारखं. १९५९ पर्यंत रिचला तीन मुलगे झाले. ‘स्नॅपशॉट्स ऑफ अ डॉटर-इन-लॉ’ ही कविता तिने मुलं झोपलेली असताना, पहाटे तीनला उठल्यावर, तुकड्यातुकड्यांनी दोन वर्षं लिहिली, आणि तिची रचनाही तुकड्यांचीच आहे. या दोन कविता शेजारी ठेवल्या तर कवितेच्या घडणीवर घरातल्या वेळापत्रकाचा परिणाम दाखवता येतो.

पॅट्रिशिया हायस्मिथची ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ (१९५२) विसरू नका. दोन बायकांचं प्रेम आणि शेवट शोकांतिकेचा नाही, हे तेव्हा अपूर्व होतं. पण त्यांतल्या कॅरोलला त्यासाठी मुलीचा ताबा गमवावा लागतो. पुस्तक क्लेअर मॉर्गन या टोपणनावाने आलं आणि १९९० पर्यंत हायस्मिथने त्यावर आपलं नाव घातलं नाही.

एक सावधगिरी. या सगळ्या लेखिका बंडखोर होत्या असंही लिहू नका. फिलिस मॅकगिन्लीला १९६१ मध्ये कवितेचं पुलित्झर मिळालं आणि १९६४ मध्ये तिने ‘सिक्सपेन्स इन हर शू’ लिहून गृहिणीपणाची उघड बाजू घेतली. पुढच्या वर्षी ती ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर होती. आणि मासिकंसुद्धा फ्रीडन म्हणते तितकी एकसुरी नव्हती. जोआन मायरोविट्झ यांनी १९९३ मध्ये युद्धोत्तर मासिकांतले लेख पुन्हा चाळले तेव्हा त्यांना नोकरी, राजकारण, खेळ यांत नाव कमावणाऱ्या बायकांचं कौतुकही भरपूर सापडलं. दोन्ही संदेश एकाच अंकात असायचे.

मग फ्रीडनला वगळायचं का? अजिबात नाही. तिला शेवटच्या प्रकरणात घ्या आणि पुढची वीस वर्षं उघडणारी प्रेषित म्हणून न वाचता याच लेखिकांच्या रांगेतली एक म्हणून वाचा. पुस्तकं वाचताना प्रत्येक वेळी तीन साध्या गोष्टी टिपून ठेवा: घराचे पैसे कोण भरतं, भांडी कोण घासतं, आणि त्या बाईला एकटीला बसायला जागा कुठे मिळते. सिद्धान्ताची पुस्तकं त्यानंतर उघडा.

लघुप्रबंधाच्या आवाक्यात चारच नावं नीट बसतील: जॅक्सन, पेट्री, यामामोतो, ओल्सन. तुमचे मार्गदर्शक, म्हणजे गाइड, म्हणतील की प्लाथ कशी नाही. ‘द बेल जार’ चांगली कादंबरी आहे. नवऱ्याच्या जुन्या सुटांच्या पट्ट्या विणून विलर्डबाई सुंदर गालिचा करतात आणि भिंतीवर लावायच्या ऐवजी तो स्वयंपाकघरात पायपुसणं म्हणून टाकतात, हे एक पान तुम्ही जरूर वापरा. पण ती कादंबरी जानेवारी १९६३ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया लुकस या नावाने निघाली आणि अमेरिकेत थेट १९७१ मध्ये आली. म्हणजे पन्नाशीच्या दशकावर लिहिलेली असली तरी अमेरिकन वाचकांनी ती वाचली तेव्हा स्त्रीमुक्तीची चळवळ रस्त्यावर आलेली होती. शिवाय प्लाथ घेतली की तोंडी परीक्षेत अर्धा वेळ तिचा कवी नवरा टेड ह्यूज याच्यावर जातो. गाइडना हे दुसरं कारण आधी सांगा, ते लवकर पटतं.